बोर्ड बदलूनही मशीन पुन्हा बंद पडतंय? वॉरंटीत आख्खा पार्ट बदलू देण्याआधी हे तपासा

ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन पाणी घेत नाही, मध्येच थांबतं, स्क्रीनवर एरर दाखवतं. कंपनीचा टेक्निशियन येतो, दोनदा चालू-बंद करून बघतो आणि सांगतो, "बोर्ड गेलाय." बोर्ड म्हणजे मशीन चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, पीसीबी. वॉरंटी असल्यामुळं पैसे लागत नाहीत. बोर्ड मागवला जातो, आठ-पंधरा दिवसांनी येतो, बसतो, मशीन सुरू होतं. काही महिन्यांनी तीच एरर आणि तेच निदान. तोवर वॉरंटी संपलेली असली तर त्या बोर्डाचे चार-पाच हजार आपल्या खिशातून जातात.

परभणीत घरगुती उपकरणं दुरुस्त करायचं माझं काम आहे. अशी मशीनं माझ्याकडं वॉरंटी संपल्यावर येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच मशीनांत मूळ बिघाड बोर्डात नसतोच. कुठं पाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी असलेली जाळी क्षारानं बुजलेली असते, कुठं मशीनमध्ये पाणी सोडणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हची कॉइल अर्धवट जळालेली, कुठं घराच्या मीटरपाशी न्यूट्रल ढिला. ही कारणं जागेवर ठेवून कितीही बोर्ड बदलले तरी बिघाड परत येणारच. म्हणून कारण शोधायचं कसं, आणि वॉरंटीत असताना टेक्निशियनकडून ते शोधून कसं घ्यायचं, ते इथं सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. वॉरंटी चालू असताना मशीनचा मागचा पत्रा किंवा वरचं झाकण स्वतः उघडू नका आणि गल्लीतल्या मिस्त्रीलाही उघडू देऊ नका. "बाहेरच्या माणसानं उघडलंय" एवढं कारण वॉरंटी नाकारायला पुरतं. खाली पहिल्या दोन तपासण्या लिहिल्यात, त्यांत मशीन उघडावं लागत नाही. तिसरी टेक्निशियननं तुमच्यासमोर करायची आहे.

पाणी

मराठवाड्यात निम्म्याहून जास्त तक्रारी इथंच मिटतात, असा माझा अनुभव आहे. आपल्याकडं नळाला रोज पाणी येणारी गावं थोडी. घर चालतं बोअरवर आणि उन्हाळ्यात टँकरवर. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे आपण कुणी विसरलेलो नाही. बोअरचं पाणी खडकातून येताना कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणा लिटरमागं २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय. ज्या घरात गिझरची कॉइल वर्षा-दोन वर्षांत पांढरी पडून फुटते आणि नळाच्या चकतीवर खपली धरते, तिथं पाणी कठीण आहे हे मीटर न लावताही कळतं. टँकरच्या पाण्यात वरून बारीक गाळ असतो.

हे सगळं पाणी मशीनमध्ये शिरताना एका बोटभर जागेतून जातं. मशीनच्या मागं पाइप जिथं आट्यांनी बसतो, तिथं आत प्लॅस्टिकची बारीक जाळी असते. काही मशीनांत नळाकडच्या टोकालाही दुसरी जाळी असते. ही जाळी साफ करायची, असं मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं, त्यामुळं ती काढल्यानं वॉरंटीला धक्का लागत नाही.

जिंतूर रोडवरच्या एका घरी मी गेलो तेव्हा मावशी म्हणाल्या, "दोन बार बोर्ड बदलला, आता मशीनच बदला म्हणायलेत." पाइप काढला. जाळी दिसतच नव्हती, तिच्या जागी मळकट पांढरा थर होता. नखानं खरवडला तर खपलीच निघाली. खाली जाळीची निम्मी भोकं बंद, उरलेल्यांत गंजाचे लाल कण. पाणी येत होतं, पण करंगळीएवढ्या धारेनं. मशीनचा बोर्ड ठरलेली मिनिटं वाट बघतो, तेवढ्या वेळात पाण्याची पातळी आली नाही की एरर देतो. बोर्ड त्याचं काम चोख करत होता. त्याच्या सांगण्याचा अर्थ "पाणी पोचेना" एवढाच होता, आणि बदलला मात्र त्यालाच.

जाळी काढायची रीत अशी. मशीनचा प्लग काढा, नळ बंद करा, खाली घमेलं ठेवा. पाइपाची चकती हातानंच फिरवून काढा, पान्यानं आवळू-सोडू नका, व्हॉल्व्हचं प्लॅस्टिकचं तोंड तडकतं. जाळीला मधोमध पकडायला छोटी दांडी असते, ती चिमट्यानं किंवा बारीक पकडीनं सरळ बाहेर ओढा. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, ते चमचाभर कोमट पाण्यात टाकून जाळी तासभर बुडवून ठेवा, मग जुन्या टूथब्रशनं घासा. सुई किंवा टाचणी घालून भोकं मोकळी करायचा मोह टाळा. जाळी फाटली की कण पुढं व्हॉल्व्हच्या रबरात जाऊन अडकतात आणि मग मशीन बंद असतानाही टबात पाणी झिरपत राहतं. परत बसवताना पाइपातला रबरी वायसर जागेवर आहे ना ते बघा.

जाळी काढलेलीच आहे तर पाण्याचा जोरही बघून घ्या. पाइपाचं मोकळं टोक दहा लिटरच्या बादलीत धरा आणि नळ पूर्ण सोडा. दोन मिनिटांच्या आत बादली भरायला हवी. भरत नसेल तर दोष मशीनच्या बाहेर आहे. आपल्याकडं जागेअभावी बरेच जण मशीन गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये, टाकीला खेटून ठेवतात. टाकीचा तळ मशीनच्या जेमतेम वर असतो, आणि बहुतेक ऑटोमॅटिक मशीनांना निदान तीन मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याएवढा दाब लागतो. अशा ठिकाणी मशीन खालच्या मजल्यावर घ्या, नाहीतर नळावर छोटा प्रेशर पंप बसवा. इथं बोर्ड बदलणं म्हणजे पैशाची आणि वस्तूची निव्वळ नासाडी.

वीज आणि अर्थिंग

दुसरं कारण विजेचं. घरातल्या सॉकेटवर २३० व्होल्टच्या आसपास वीज हवी. गावाकडं संध्याकाळी, किंवा शेतीपंप सुरू असताना, हा आकडा बराच खाली येतो. मल्टिमीटर असेल किंवा ओळखीचा वायरमन असेल तर दिवसातून तीन-चार वेळा आकडा घेऊन वहीत वेळेसकट लिहून ठेवा. मशीन ज्या वेळी बंद पडतं त्या वेळचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

कमी वीजदाबापेक्षा घातक आहे तो ढिला न्यूट्रल. डीपीवर, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर, किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की एका फेजवरच्या घरात वीज एकदम चढते. दोन फेजमधला दाब ४०० व्होल्टच्या आसपास असतो, त्यातला मोठा वाटा तुमच्या घरावर येऊ शकतो. एखादा बल्ब भगभगीत आणि शेजाऱ्याचा मिणमिणता, असं दिसलं की लगेच मेन स्विच पाडा आणि वीज कंपनीला १९१२ वर कळवा.

अशा वेळी बोर्डावर नेमकं काय होतं ते बघा. विजेची वायर बोर्डात शिरते तिथं एक फ्यूज आणि त्याच्या मागं निळी किंवा पिवळी गोल चकती असते, तिला व्हॅरिस्टर म्हणतात. बहुधा तिच्यावर ४७१ हा आकडा असतो. साधारण ३०० व्होल्टपर्यंत ती शांत असते. दाब त्याच्या बराच वर गेला की ती शॉर्ट होते, फ्यूज उडतो आणि मागचा सगळा बोर्ड वाचतो. तिला बसवलंय त्यासाठीच. फ्यूज आणि व्हॅरिस्टर मिळून पन्नास रुपयांच्या आत येतात, बदलायला डाखणाची, म्हणजे सोल्डरिंगची, दहा मिनिटं लागतात. एवढ्यासाठी आख्खा बोर्ड काढून टाकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. काही कंपन्या ओलावा आणि किडे जाऊ नयेत म्हणून पूर्ण बोर्डावर रेझिन ओततात, तिथं दुरुस्ती खरोखर अवघड असते, हेही सांगायला हवं. पण असे नसलेले बोर्डही त्याच वाटेनं जातात.

अर्थिंगचं आपल्याकडं वेगळंच आहे. काळी माती एप्रिल-मे महिन्यांत भेगाळते, खड्ड्यातला मीठ-कोळसा कोरडाठाक पडतो आणि कागदावर असलेलं अर्थिंग प्रत्यक्षात नसतं. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधला दाब मोजा. दोन-तीन व्होल्ट असेल तर ठीक. दहाच्या पुढं दाखवत असेल तर वायरमनला बोलवा. उन्हाळाभर आठवड्यातून एकदा अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायची सवय ठेवा.

टेक्निशियन आल्यावर

पाणी नीट, वीज नीट, तरी एरर येते. आता तक्रार नोंदवा. टेक्निशियन आला आणि "बोर्ड" म्हणाला, तर त्याला आदरानं एकच विनंती करा: "दादा, इनलेट व्हॉल्व्हची कॉइल मोजून दाखवता का?"

का ते सांगतो. बोर्डावर ट्रायॅक नावाचा एक छोटा भाग असतो, तोच व्हॉल्व्हला वीज सोडतो. व्हॉल्व्हच्या कॉइलवर पाणी झिरपलं किंवा ती तापून आतून शॉर्ट झाली, की ती जास्त करंट ओढते आणि ट्रायॅक जळतो. मग टेक्निशियनला बोर्ड खरंच मेलेला दिसतो. तो नवा बोर्ड बसवतो आणि खराब व्हॉल्व्ह तसाच ठेवतो. नवा बोर्ड त्याच व्हॉल्व्हला वीज द्यायला लागतो आणि काही आठवड्यांत त्याचाही ट्रायॅक जातो. दोन-दोन, तीन-तीन बोर्ड गेलेली मशीनं येतात, त्यांत हा प्रकार मी सगळ्यात जास्त बघितलाय.

तपासणी मिनिटाची आहे. प्लग काढलेला, व्हॉल्व्हच्या दोन्ही पिना सोडवलेल्या, मल्टिमीटर २० किलोओहमवर. २३० व्होल्टच्या व्हॉल्व्हची चांगली कॉइल साधारण साडेतीन ते पाच किलोओहम दाखवते. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटलीय. आकडा याच्या फारच खाली असेल तर ती शॉर्ट आहे, आणि अशा वेळी बोर्ड आणि व्हॉल्व्ह दोन्ही एकदम बदलायला हवेत. व्हॉल्व्ह दोन तोंडांचा असेल तर दोन्ही कॉइली मोजायच्या. ड्रेन पंपाची कॉइलही बरोबरच मोजून घ्यावी, तोही ट्रायॅकवरच चालतो.

आणखी एक जागा हमखास राहून जाते. टबाच्या तळापासून वर पातळीच्या सेन्सरकडं एक बारीक नळी जाते. साबणाचा चिकट गाळ तिच्यात साठला की सेन्सरला पातळी चुकीची कळते. नळी काढून फुंकर मारली की काम होतं, पण बिलावर येतो सेन्सर, किंवा पुन्हा बोर्डच. मागून वायरी उंदरानं कुरतडल्यात का तेही बघायला सांगा. सोयाबीन, हरभरा, तूर घरातच साठवणाऱ्या आपल्या गावांत हे कारण शहरापेक्षा खूप जास्त आढळतं.

असं का होतं

येणारा मुलगा वाईट नसतो. तो बहुधा एजन्सीकडं कामाला असतो, त्याला कॉलमागं पैसे मिळतात आणि कॉल ठरल्या वेळात बंद करावा लागतो. मोबाइलमधल्या ॲपवर पार्टचा कोड टाकला की वॉरंटीचा क्लेम होतो. जाळी साफ केली, नळी फुंकली, व्हॅरिस्टर बदलला, याला पार्ट कोड नाही. शिक्षण मिळतं ते "एरर बघा, पार्ट बदला" एवढंच, डाखण हातात धरायची परवानगी बऱ्याच ठिकाणी नसते. मग तासाभराचं काम सोडून पंधरा दिवसांचा पार्ट येतो. या पंधरा दिवसांत बाळंतिणीच्या घरी, म्हाताऱ्या माणसांच्या घरी धुण्याचा डोंगर कोण उपसतं, याचा हिशोब कुठल्याच ॲपमध्ये नसतो.

"फुकट मिळतोय तर घ्यावा की नवा बोर्ड" असं पुष्कळ जण म्हणतात. वॉरंटी कार्डावरची बारीक अक्षरं वाचा. बदललेल्या पार्टला बहुतेक वेळा नवी वॉरंटी मिळत नाही, जुनीच उरलेली लागू राहते. पार्ट कोराच असेल असंही नाही, दुरुस्त करून आलेला जुना पार्ट वापरायची मुभा अनेक कंपन्यांनी कार्डावरच घेऊन ठेवलेली असते. शिवाय वीजदाबातले चढउतार, उंदीर, खारं पाणी यांनी झालेलं नुकसान बऱ्याच कार्डांवर वॉरंटीतून वगळलेलं असतं. म्हणून कारण न शोधता पुढं जाणं तुमच्याच अंगाशी येतं. तिसऱ्या वेळी कुणीतरी जॉबशीटवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, "व्होल्टेजमुळं" असं लिहितो आणि हात वर करतो.

कागद हातात ठेवा

जॉबशीट मागून घ्या आणि तिच्यावर तीन गोष्टी लिहून घ्या: एररचा कोड, काय काय मोजलं, आणि कोणता पार्ट कशामुळं बदलला. नुसतं "पीसीबी रिप्लेस" चालवून घेऊ नका. जाळीचा, बोर्डाचा, मल्टिमीटरवरच्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढा. तोच बिघाड दुसऱ्यांदा आला तर तक्रार नव्यानं न नोंदवता आधीच्या तक्रारीचा क्रमांक देऊन "पुन्हा उद्भवलेला बिघाड" अशीच नोंदवा आणि सीनियर टेक्निशियन मागा.

एवढ्यानं भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, मराठीतही बोलता येतं. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की दिल्लीत. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील लावायची सक्ती नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. सेवेचं बिल न देणं हीसुद्धा या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळं पैसे घेऊन चिठ्ठी न देणाऱ्याला हे सांगायला कचरू नका. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलंय. तिथं सहभागी कंपन्यांच्या पुस्तिका, सेवा केंद्रं, सुट्या भागांची माहिती दिलेली असते.

फ्रिज आणि सोलर पंप

फ्रिजबद्दल थोडक्यात. कॉम्प्रेसर सुरू व्हायला बघतो, "टक" आवाज येतो, बंद पडतो, काही मिनिटांनी परत "टक". साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या फ्रिजात कॉम्प्रेसर गेला असं मानण्याआधी त्याच्या कुशीतला, त्याला सुरू करणारा रिले आणि जास्त करंटपासून जपणारा ओव्हरलोड बदलून बघायला सांगा. दोन्ही मिळून काहीशे रुपयांचं काम आहे. कॉम्प्रेसर बदलायचा म्हणजे गॅस काढा, पाइप कापा, परत झाळा, आणि खेड्यातल्या उघड्या ओट्यावर हे काम कंपनीसारखं होत नाही.

सोलर पंपाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथं पीक पणाला लागतं. कुसुम योजनेतले, मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतले पंप आता आपल्या शिवारात जागोजाग आहेत, आणि त्यांची दुरुस्ती पाच वर्षं पुरवठादाराकडं आहे. पंप बंद पडला की "कंट्रोलर गेला" असं ठरलेलं उत्तर मिळतं आणि कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज पंपाला जुळवून देणारा डबा, महिना-महिना येत नाही. जालन्याकडं मोसंबीच्या बागेला ऐन उन्हाळ्यात पंधरा दिवस पाणी चुकलं तर काय होतं, ते बागायतदाराला सांगावं लागत नाही.

इथं कंट्रोलरच्या आधी पॅनलच्या मागच्या वायरींचे जोड बघायचे असतात. एमसी४ जातीचे ते काळे कनेक्टर नीट दाबून बसवलेले नसले की तापतात, वितळतात, आणि पॅनल एका ओळीत जोडलेली असल्यामुळं एकच जोड सुटला तरी कंट्रोलरपर्यंत काहीच पोचत नाही. खालून नजर टाकली तरी वितळलेला, तपकिरी पडलेला कनेक्टर ओळखू येतो. त्याचा फोटो काढून पुरवठादाराला पाठवा. हात मात्र लावू नका. उन्हात त्या वायरींत शेकडो व्होल्टचा डीसी असतो आणि चालू असताना जोड ओढला तर ठिणगीची लांब ज्योत निघते. विहिरीत पाणी आहे का, कंट्रोलरनं "ड्राय रन", म्हणजे पाण्याविना चालणं, म्हणून स्वतःच पंप थांबवलाय का, हेही स्क्रीनवर वाचून घ्या. मोटारीची केबल उंदरानं किंवा घुशीनं तोडलेली असणं तर रोजचंच.

वॉरंटी संपलेली असेल तर

बोर्ड पूर्ण किमतीला घ्यावाच लागला तर जुना बोर्ड परत मागून घ्या. पैसे देऊन बदललेली वस्तू तुमची आहे. तो कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बोर्ड दुरुस्त करणाऱ्या माणसाकडं न्या आणि सोबत कोणती एरर येत होती ते चिठ्ठीवर लिहा. फ्यूज, व्हॅरिस्टर, ट्रायॅक, फुगलेला कपॅसिटर, डाखणाचा सुटलेला ठिपका, यांपैकी एखादंच काही निघालं तर काहीशे रुपयांत तो परत उभा राहतो आणि पुढच्या वेळेला घरात हाताशी असतो. नवा बोर्ड बसवणाऱ्याकडून मात्र त्याच दिवशी व्हॉल्व्हच्या कॉइली मोजून घ्या आणि आकडा बिलाच्या मागं लिहून ठेवा.